एकट्याचं टेबल
काही जण म्हणतात की छोट्या गावात एकट्याने हॉटेलात जेवायचं म्हणजे सगळे टकामका बघतात. बघतात की! पण दोन मिनिटं. मग त्यांची भाजी येते.

कामानिमित्त अमळनेरला मे महिन्यात आठवडाभर होतो. खानदेशातला उन्हाळा, साडेसात वाजले तरी भिंती गरमच. लॉजच्या खोलीत बसवेना म्हणून स्टेशनकडे चालत गेलो. हॉटेलवाल्याने "एकलेच का भाऊ?" विचारत हात धुवायच्या बेसिनशेजारचं टेबल दाखवलं. (एकट्या गिऱ्हाईकाच्या नशिबी तेच असतं.) मी सरळ कूलरसमोरचं मागितलं, मिळालं.

हाफ शेवभाजी सांगितली. तिथे एक शिकलो: शेव वाटीत वेगळी मागायची. जाड, लसणाची तिखट शेव उकळत्या रश्श्यात पडली की पाच मिनिटांत लगदा होतो. चौघांत बसलो की गप्पांत ते कळतही नाही. एकटं असताना मूठभर टाकायची, दोन घास खायचे, परत मूठभर. घाम पुसायला रुमाल मात्र हवाच. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, कांदा आणि शेवटी ताक.

एकटे जेवायला जाताना पुस्तक न्या असा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. डाव्या हातात पुस्तक नि उजवा तर्रीत, पान उलटणार कसं?

वैशाखात अमळनेरला संत सखाराम महाराजांची यात्रा असते, तेव्हा मात्र एकट्याला टेबल विसरा. चार अनोळखी लोकांत सरकून बसावं लागतं, आणि त्यातला एक जण तुमच्या वाटीतली शेव संपवतो.