टॅरोमध्ये फाइव्ह ऑफ वाँड्स उलटं आलं म्हणजे भांडण मिटलं का?

प्रश्न:
टॅरोचा डेक (पानांचा संच) रायडर-वेट-स्मिथ. ऑफिसमधल्या दोघांच्या वादासाठी तीन पानं काढली: मूळ, सद्यस्थिती, पुढची दिशा. आली ती अशी: फाइव्ह ऑफ वाँड्स (काठ्या) उलटं, म्हणजे डोकं खाली, फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स (तलवारी) सरळ, टू ऑफ स्वोर्ड्स उलटं. पहिल्या उलट्या पानाचा अर्थ 'वाद नव्हताच' असा घेतला, तर दुसऱ्याशी मेळ बसत नाही. शिवाय दोन्ही पंजे, म्हणजे पाच आकड्याची पानं, संघर्षाचेच, मग फरक कशात?

उत्तर १:
फरक चित्रात आहे. वाँड्सच्या पंजात पाच तरुण काठ्या उगारून उभे आहेत, पण कुणी पडलेलं नाही, कुणाला जखम नाही. हा डेक रचणाऱ्या वेट यांनीही ही लुटुपुटीची लढाई असू शकते असं म्हटलंय. सरळ पान म्हणजे चढाओढ, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, आवाज मोठा पण सगळं उघड्यावर.

स्वोर्ड्सच्या पंजात लढाई होऊन गेली आहे. एकाच्या हातात तीन तलवारी, दोन जमिनीवर, बाकीचे दोघं पाठ फिरवून पाण्याकडे चाललेत. जिंकलाय, पण सोबत कुणी उरलं नाही. इथे जातकाला, म्हणजे ज्याच्यासाठी पानं काढली त्याला, जरूर विचारा: या तिघांपैकी तुम्ही कोण? उत्तरानुसार अख्खं वाचन बदलतं.

उलटं म्हणजे विरुद्ध, हे गणित संघर्षाच्या पानांना लावू नका. वाँड्सचा पंजा उलटा आला की दोन शक्यता: ताण निवळतोय, किंवा वाद तोंडावर न येता आतल्या आत मुरतोय. वेट यांनी तर उलट्या पानाला कोर्टकज्जे, तंटे, लबाडी असे अर्थ दिलेत. कोणती शक्यता घ्यायची ते शेजारचं पान ठरवतं. तुमच्या मांडणीत पुढे स्वोर्ड्सचा पंजा सरळ आहे, म्हणजे दुसरी. जे वेळीच बोललं गेलं नाही, ते आता वार होऊन बाहेर पडलंय.

उत्तर २:
अर्थाआधी पान खरंच उलटं होतं का ते तपासा. गठ्ठ्यावरचं पान खालच्या कडेला धरून वर पलटलं की सरळचं उलटं होतं. पुस्तकाचं पान उलटतो तसं बाजूने पलटा. नवा डेक सगळा सरळ असतो आणि नुसतं पिसून पानं उलटी होत नाहीत. त्यासाठी पिसताना साधारण तिसरा हिस्सा काढून अर्धा फेर फिरवायचा आणि परत मिसळायचा, असं तीन-चार वेळा.

उत्तर ३:
टू ऑफ स्वोर्ड्स राहिलं. डोळ्यांवर पट्टी, छातीशी तलवारींची फुली: सरळ असताना कोंडी, निर्णय टाळणं. उलटं झालं की कोंडी फुटते, पण कुणाच्या बाजूने ते हे पान सांगत नाही. वेट यांच्याकडे उलट्याचे अर्थ खोटेपणा, दुटप्पीपणा. त्यामुळे 'समेट होईल' असं सांगू नका. 'दडवलेली गोष्ट बाहेर येईल आणि निर्णय लांबवता येणार नाही' इतकंच सांगा.

उलटी पानं गोंधळात टाकत असतील तर गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाची तत्त्वांची पद्धत वापरून बघा; तीत शेजारच्या पानांच्या तत्त्वावरून पानाचा जोर ठरतो. वाँड्स अग्नी, स्वोर्ड्स वायू, दोघं एकमेकांना पोसतात. मधल्या पंजाच्या एका बाजूला अग्नी, दुसऱ्या बाजूला वायूच, म्हणजे तो जोरात आहे. शेजारी पेंटॅकल्स, म्हणजे पृथ्वी असती, तर धार बोथट झाली असती.

प्रश्नकर्ता:
आणि स्वोर्ड्सचा पंजा उलटा असता तर?

उत्तर १:
तलवार खाली ठेवायची तयारी, नाहीतर जुना अपमान उगाळत बसणं. पुढे सिक्स ऑफ स्वोर्ड्स (नावेतून दूर जाणं) सरळ असेल तर पहिलं, थ्री ऑफ स्वोर्ड्स (हृदयात घुसलेल्या तीन तलवारी) असेल तर दुसरं.