ड्रायसूटच्या मनगटाच्या सीलला काय लावता?

थंडपाणी: स्कॉटलंडमधे डाइव्ह करतो, ड्रायसूटला (पाणी आत न येऊ देणारा डायव्हिंगचा सूट) मनगटाशी घट्ट बसणारे लेटेक्स सील आहेत. घालताना हात अडकतो, ओढून ओढून कडेला बारीक चिरा पडल्यात. व्हॅसलीन चालेल का?

खोलडुबी: व्हॅसलीन अजिबात नको रे!! लेटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर, पेट्रोलियमवालं काहीही लागलं की फुगतं, चिकट होतं नि मग फाटतं. बिनवासाची टाल्कम पावडर आतून लाव, बोटं जुळवून चोचीसारखी कर आणि हात हळूहळू सरकव, कड धरून खेचायचं नाही, नखं आधी काप. आणि त्या चिरा ताणून बघ, उघडत असतील तर सील बदलूनच घे, ६-७ अंशाच्या पाण्यात बाही भिजली तर काय होतं ते मी भोगलंय, बोटं इतकी बधिर झाली की इन्फ्लेटरचं (हवा भरायचं) बटण दाबल्याचं कळेना.

सागरवेडी: सिलिकॉन स्प्रेही नको, पुढे नवं सील चिकटवताना गोंद धरत नाही. डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धू, घामाचा तेलकटपणा नि सनस्क्रीनही रबर खातं, सावलीत वाळव. पितळी झिपला मेण फक्त बाहेरून.

थंडपाणी: ताणून बघितलं, डाव्या चिरा उघडतायत. बदलतोच.