काकूंची चक्कर आणि कानातले कण (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-३०४: पहाटे कुशीवर वळले आणि अख्खी खोली गरगर फिरली. पलंग धरून पडून राहिले, मग आपोआप थांबलं. बीपी नॉर्मल आहे. कुणाला असं झालंय का?

ए-१०१: काकू, मानेचे मणके असणार. आमच्या ह्यांना पट्टाच दिला होता.

सी-२०२: पित्त असेल वहिनी. चकरेच्या गोळ्या आहेत घरात, पाठवू वर?

ए-४०३ (कान-नाक-घसा डॉक्टर): काका, गोळ्या नका पाठवू. काकू, एकाच कुशीवर होतं का? किती वेळ?

बी-३०४: उजवीकडेच गं. अर्धा मिनिट. फळीवरचा डबा काढताना मान वर केली तेव्हाही झालं.

ए-४०३: बोलताना जीभ जड होणं, दोन-दोन दिसणं, हातपाय लुळे वाटणं?

बी-३०४: छे, काही नाही.

ए-४०३: मग बहुतेक कानाचंच आहे. आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, एकमेकींना काटकोनात. आत द्रव. पाण्याचा पेला गरकन फिरवला की पाणी क्षणभर मागे राहतं, तसंच डोकं वळलं की हा द्रव मागे राहतो. त्याच्या दाबाने एक मऊ पडदा वाकतो आणि त्यातल्या केसपेशी (केसासारखे तंतू असलेल्या पेशी) मेंदूला कळवतात, डोकं कुठल्या दिशेला फिरलं ते. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. लिफ्ट सुटली, डोकं कललं, हे त्यांच्या वजनामुळे कळतं. वयोमानाने किंवा डोक्याला मार लागून हे कण सुटतात आणि नळीत शिरतात, बहुधा मागच्या. मग तुम्ही वळून थांबलात तरी ते घरंगळत द्रव ढकलत राहतात. डावा कान म्हणतो स्थिर, उजवा म्हणतो फिरतंय.

ए-१०१: बाई गं! मग गोळीने विरघळत नाहीत?

ए-४०३: नाही. गोळीने मळमळ कमी होते, कण तिथेच राहतात. ते डोक्याच्या ठरावीक हालचालींनी परत पिशवीत सरकवायचे. अमेरिकेतल्या डॉ. जॉन एप्ली यांनी १९९२ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. काही मिनिटांचं काम. पुष्कळांना पहिल्याच वेळी आराम पडतो, म्हणूनच महिनोन्‌महिने गोळ्या खाणारे पेशंट बघून जीव तुटतो.

सी-२०२: यूट्यूब बघून घरीच करता येईल?

ए-४०३: आधी कुठला कान, कुठली नळी ते ठरू दे. मान वळवून पटकन आडवं केलं की डोळ्यांची बुबुळं विशिष्ट तऱ्हेने उडतात, त्यावरून कळतं. काकू, तोवर उठताना आधी काठावर बसा. आणि बोलणं अडखळलं किंवा उभंच राहता येईना, तर माझी वाट न बघता थेट हॉस्पिटल.

बी-३०४: बरं. सकाळी दहाला येऊ?

ए-४०३: या. सोबत कुणाला तरी आणा, तपासताना एकदा गरगरेलच.