रेलगनच्या नळीला चिलखत कशाचं?

प्रश्न: 'चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ' या अंतराळयुद्धाच्या गेममध्ये रेलगनच्या (विजेच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या तोफेच्या) नळीवर टंगस्टनचं चिलखत चढवलंय. लेझरला दाद देत नाही, पण तोफ वळेपर्यंत समोरचा निघून जातो. तुम्ही काय वापरता?

उत्तर: अहो, टंगस्टनची घनता १९.३ ग्रॅम प्रति घन सेंमी! तोफ ज्या आसाभोवती वळते त्यापासून अंतर दुप्पट झालं की त्याच वजनाचं वळण्यातलं जडत्व चौपट. टोकाला एवढं ओझं कशाला? ग्राफाइट लावा. घनता जेमतेम सव्वादोन, वितळायची भानगड नाही. थेट वाफ होते, तीही भरपूर उष्णता खाऊन.

दुसरं उत्तर: गोळ्यांपुढे ग्राफाइट ठिसूळ पडतं हो. मी टायटॅनियमवाला. घनता ४.५.

पहिला: १६६८ अंशांना वितळतं ते! लेझरसमोर काय करणार?

प्रश्नकर्ता: माझ्यासमोर लेझरच जास्त. मग टरेटवरचंही (तोफेच्या फिरत्या बैठकीवरचं) टंगस्टन काढू?

पहिला: राहू द्या, ते आसाजवळच आहे. नळीचं तेवढं बदला.