विहिरी आटल्या असताना झाडांना पालवी कशी फुटते, आणि तिच्यावरून पावसाचा अंदाज बांधावा का?

प्रश्न : माळकरी

नमस्कार. आमचे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, माणगंगेपासून थोडे आत, माळावर आहे. गेल्या हस्तात पाऊस झाला नाही, त्यामुळे शाळू कसाबसा पदरात पडला आणि होळीच्या सुमारासच निम्म्या विहिरींनी तळ गाठला. आता चैत्र सरत आला आहे. सकाळी दहानंतर माळावर उभे राहवत नाही, ओढ्याच्या पात्रात नुसती वाळू उरली आहे. पण त्याच ओढ्याच्या काठचा करंज पोपटी पालवीने भरून गेला आहे, कडुनिंबाच्या मोहोराचा सडा अंगणात पडतो आहे आणि बांधावरच्या बहाव्याला पिवळे घोस लटकू लागले आहेत. विहिरीत पाणी नसताना या झाडांना ते कोठून मिळते? शिवाय बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो, असे आमच्याकडची वडीलधारी मंडळी सांगतात. त्यावर विश्वास ठेवून दोन जनावरे विकण्याचा विचार पुढे ढकलावा का, हा माझ्यापुढील खरा प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : रानवाटा

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाबद्दल लिहितो. विहिरीत येते ते फक्त मोकळे, वाहू शकणारे पाणी. आपल्याकडे काळ्या खडकावर मुरमाचा थर असतो, आणि मुरमाच्या कणांना चिकटून राहिलेली ओल विहिरीत कधीच झिरपत नाही. खोल गेलेली मुळे मात्र ती ओढून घेऊ शकतात. शिवाय यातील बरीच झाडे शिशिरात पाने गाळतात. पानांतून होणारे बाष्पीभवन एकदा थांबले की, मुळांनी हळूहळू ओढलेले पाणी खोडात साठत जाते आणि त्या बळावर, दिवस मोठा होऊ लागताच, कळ्या फुटतात. पावसाच्या आधी पालवी येण्यात झाडाचा फायदाही आहे, कारण पाने खाणाऱ्या अळ्या आणि किडी पावसाळ्यात वाढतात आणि तोवर पाने जून झालेली असतात. म्हणजे करंजाची आजची पालवी ही मागच्या पावसाच्या ओलीवर आणि सूर्याच्या गतीवर आलेली आहे. येणाऱ्या पावसाशी तिचा संबंध नाही.

या दिवसांत आणखी एक पाहण्यासारखे असते. टिटवी उघड्या माळावर, खड्यांच्या रंगात मिसळून जातील अशी अंडी घालते आणि ऊन चढले की पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते, म्हणजे त्या ओलाव्याने अंडी तापत नाहीत. त्यामुळे नांगरटीपूर्वी बांध पेटवण्याची आपल्याकडची सवय या महिन्यात तरी सोडावी, असे मला मनापासून वाटते. एका काडीने अंडी, पिल्ले आणि बांधावरचे उरलेसुरले गवत असे सारेच जाते.

उत्तर २ : कोरडवाहू

जनावरांचा निर्णय बहाव्यावर सोपवू नका, हे मी स्पष्ट लिहितो, कारण आपल्या भागाचा पाऊस कोणत्या महिन्यात पडतो हे इथे महत्त्वाचे आहे. आपल्याच जिल्ह्यातील महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या माणमध्ये मात्र सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर, आणि त्यातीलही मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांत येतो. बहावा खरा ठरला आणि मृगात दोन सरी पडल्या, तरी त्याने फार तर बाजरीची पेरणी होते. विहिरीला पाणी येण्यासाठी भाद्रपद-आश्विनाची वाट पाहावी लागते. हवामान खात्याचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येतो, पण तो संपूर्ण देशाचा असतो. एका तालुक्याचा निर्णय त्यावरूनही घेता येत नाही. म्हणून हिशेब पावसाचा न करता हातात असलेल्या पाण्याचा आणि कडब्याचा करावा. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी आशेवर जनावरे ठेवली, त्यांची दावणीच रिकामी झाली, हे आमच्या घरात आजही सांगितले जाते. २०१३ साली निदान चारा छावण्या तरी होत्या, पण छावणी कधी सुरू होईल ते आपल्या हाती नसते.

उत्तर ३ : आटपाडकर

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी बहावा अगदीच मोडीत काढू नये असे वाटते. आमच्याकडे तो फुलला की नांगरट उरकणे, छपराची डागडुजी करणे, बियाणे निवडून ठेवणे ही कामे सुरू होतात. कामाचे पंचांग म्हणून तो उपयोगी आहे. पाऊस किती पडेल हे त्याला विचारू नये, इतकेच. वळवाच्या भरवशावरही राहू नये. तो एका शिवाराला झोडपतो आणि शेजारच्याला कोरडे ठेवतो.

माळकरी

सर्वांचे आभार. माझ्या विहिरीचा व्यास सुमारे ६ मीटर आहे आणि सध्या पुरुषभराहून थोडे कमी पाणी आहे. हिशेब कसा करावा?

उत्तर ४ : कोरडवाहू

६ मीटर व्यासाच्या विहिरीत प्रत्येक मीटर उंचीला सुमारे २८,००० लिटर पाणी असते. दुभत्या म्हशीला या उन्हात पिण्यासाठी रोज ६० लिटरच्या आसपास पाणी धरावे; अशी दहा जनावरे असतील तर एक मीटर पाणी जेमतेम दीड महिना पुरेल. त्यात घरचा वापर वेगळा धरा आणि तळाचे हातभर पाणी गाळाचे म्हणून सोडून द्या. दोरीला दगड बांधून दर हातावर गाठ मारा, संध्याकाळी उपसा थांबल्यावर पाणी किती गाठी आहे ते वहीत लिहा आणि पहाटे पुन्हा मोजा. रात्रीतून पाणी वाढत असेल तर झरा जिवंत आहे. आठवडाभर वाढ दिसली नाही, तर आहे तेवढाच साठा समजून दोन्ही जनावरे आत्ताच, भाव पडण्याआधी विकावीत. मे महिन्यात सगळेच बाजाराकडे निघतात.

उत्तर ५ : रानवाटा

त्याच पाण्यातून रोज एक तांब्या पाखरांसाठी बाजूला काढावा, अशी विनंती करतो. मातीचे पसरट परळ दोन बोटे भरून कडुनिंबाच्या सावलीत, मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी ठेवावे. मधमाश्या बुडू नयेत म्हणून मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा. पाणी रोज बदलावे आणि आदल्या दिवसाचे झाडाच्या बुंध्याशी ओतावे.