गर्ल्स स्टेटला मुलगी निघालीय, कोणाची मुलं जाऊन आली असतील तर प्लीज सांगा

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेत मिडवेस्टला राहतो. लेकीचं ज्युनियर इयर म्हणजे अकरावी आत्ताच संपली आणि तिची अमेरिकन लीजन ऑक्झिलरीच्या (इथल्या माजी सैनिकांच्या कुटुंबीयांची संघटना) गर्ल्स स्टेटसाठी निवड झालीय. शाळेच्या काउन्सेलरने नाव सुचवलं, मग इथल्या युनिटच्या तीन-चार आज्यांनी इंटरव्ह्यू घेतला आणि फी पण तेच भरतायत. आमची ना ओळख ना पाळख, तरी एवढं करतायत याचं मला फार अप्रूप वाटलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हे 1937 पासून चालू आहे, मुलांचं बॉईज स्टेट त्याच्या दोन वर्षं आधीपासून. साधारण आठवडाभर युनिव्हर्सिटीच्या डॉर्ममध्ये राहायचं आणि मुलींनीच एक अख्खं लुटुपुटीचं राज्य चालवायचं. गेल्या गेल्या नॅशनलिस्ट किंवा फेडरलिस्ट पार्टी वाटून देतात, आपण निवडायची नाही, मग शहर, काउंटी, राज्य अशा निवडणुका, मेयरपासून गव्हर्नरपर्यंत, बिलं लिहायची, त्यावर वाद घालून ती पास करायची. दोन मुली पुढे सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला गर्ल्स नेशनला, म्हणजे याच्याच देशपातळीवरच्या शिबिराला, जातात. बिल क्लिंटन 1963 मध्ये बॉईज नेशनला गेले होते आणि तिथेच केनेडींशी हात मिळवला होता, तो फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

आता माझी अडचण. मुलगी अभ्यासू आहे पण चारचौघांत तोंड उघडत नाही. परवा म्हणाली आई, मी कशालाच उभी राहणार नाही, नुसती मत देईन. आणि मला आतून गलबलून आलं, कारण आम्ही दोघं अजून ग्रीन कार्डच्या रांगेत, इथे कधी मत दिलेलं नाही, तिचा जन्म इथला त्यामुळे फेब्रुवारीत 18 पूर्ण झाली की आमच्या घरातली इथली पहिली मतदार तीच. घरात पुण्या-मुंबईच्या निवडणुकांवर तासन्‌तास गप्पा होतात, पण काउंटी कमिशनर काय करतो हे तिने विचारलं तर मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो. बाकीच्या मुलींनी हे घरी जेवताना ऐकलेलं असणार, आणि हिची पाटी कोरी आमच्यामुळे, हे मला खूप लागतंय.

तर ज्या मुली गप्प असतात त्या तिथे कशा रमतात? निवडणूक न लढवता काही करण्यासारखं असतं का, म्हणजे कोर्टात वकील, किंवा तिथला पेपर वगैरे? बिल आधी घरूनच लिहून न्यावं का? तिच्या डोक्यात एक विषय आहे, शाळेच्या बस गावाबाहेरच्या मुलांना थंडीत फार वेळ उभं ठेवतात तो, पण हा राज्याच्या कायद्याचा विषय होतो की स्कूल बोर्डाचा हेच आम्हाला कळत नाहीये. मोशन, सेकंड, अमेंडमेंट हे मात्र मी तिला सोसायटीच्या मीटिंगमधलं सूचक-अनुमोदक सांगून समजावलं, ते तिला पटकन कळलं, माझ्याकडून तेवढंच झालं.

गर्ल्स स्टेटच्या मुलींसाठी सॅमसंगची स्कॉलरशिप असते पण ती युद्धकाळात सेवा केलेल्या इथल्या सैनिकांच्या वंशजांनाच, त्यामुळे तो प्रश्न नाही.

बाकी किरकोळ: यादीत शपथविधीसाठी पांढरा ड्रेस लिहिलाय, पांढरा कुर्ता चालेल का, तिला तो घालायचाय. ती शाकाहारी आहे, डायनिंग हॉलमध्ये भागतं का? फोन दिवसभर जमा करतात असं ऐकलंय, मग रात्री आईशी बोलता येतं का? आणि परत आल्यावर त्या आज्यांना नुसतं थँक्यू कार्ड द्यायचं की युनिटच्या मीटिंगला जाऊन अनुभव सांगायचा असतो? सांगायचा असेल तर मला तिला आत्ताच सांगून ठेवावं लागेल, निघायला अकरा दिवस राहिलेत.