बालवर्गातील वाचन-कोपरा : अक्षरतक्ता आणि नावपट्ट्या

सप्रेम नमस्कार,

येत्या सत्रापासून रविवारच्या शाळेतील बालवर्गात, म्हणजे तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, वाचन-लेखनाचा कोपरा मांडण्याचे ठरले आहे. वर्गखोली भाड्याची असल्यामुळे सगळे सामान दोन पेट्यांत मावले पाहिजे. भारतीय दुकानातून आणलेला अक्षरतक्ता आणि संगणकावर छापलेल्या नावपट्ट्या तयार आहेत. आणखी काय असावे?

बालवर्ग शिक्षिका

---

नमस्कार ताई,

तक्ता लावण्यापूर्वी कृपया नीट पाहावा. तो हिंदी वर्णमालेचा असेल तर त्यात ळ नसणार, आणि मग बाळ, फळ, डोळा हे मुलांच्या तोंडी असलेले शब्दच तक्त्याबाहेर राहतील. तीच गोष्ट ल आणि श यांच्या वळणाची. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी प्रमाण ठरवले, तरी संगणकावरील पुष्कळ टंकांत (फाँटमध्ये) ही अक्षरे हिंदी वळणानेच उमटतात. माझ्या वर्गातील एका मुलीला आजीने घरी पाकळीचा ल गिरवायला शिकवला होता. छापील पट्टीवरचा ल पाहून तिने ‘हे माझं नाव नाही’ असे म्हणून पट्टी परत ठेवली. त्या आठवड्यात सगळ्या पट्ट्या मी जाड पेनाने हाताने लिहून काढल्या.

अ पासून ज्ञ पर्यंतचा क्रम या वयात धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग, म, न ही तीन अक्षरे आली की मग, मन, नग, गगन, नमन असे शब्द लगेच वाचता येतात, आणि आपण वाचू शकतो हा आनंद मुलांना पहिल्याच महिन्यात मिळतो. त्यानंतर वळणाने जवळची र-स आणि व-ब-क घ्यावीत. गिरवण्यासाठी उभ्या कडांच्या ताटात बारीक रवा पसरावा. आपल्याकडची धूळपाटी हीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवरच भर दिला होता. चिंचोक्यांनी अक्षर मांडणे मुलांना फार आवडते, मात्र तेव्हा शेजारी मोठे माणूस बसलेच पाहिजे.

पुस्तके थोडीच, पण मुखपृष्ठ दिसेल अशी सतरंजीवर ठेवावीत.

एक माजी शिक्षिका

---

ताई, मनःपूर्वक आभार. तक्ता पाहिला, त्यात ळ नाही. पट्ट्या शनिवारी हाताने लिहायला बसणार आहोत, ज्यांचे अक्षर वळणदार आहे अशा आजी-आजोबांनी अवश्य यावे.

बालवर्ग शिक्षिका